अदृश्य भिंत : गिल्बर्टो सिल्वा आणि बचावात्मक मध्यरक्षकाचे काम

दक्षिण कोरियातील उल्सान शहरात २ जून २००२ रोजी ब्राझीलचा संघ विश्वचषकातील पहिल्या सामन्याआधीचा शेवटचा सराव करत होता. सरावादरम्यान कर्णधार एमर्सन काही वेळ गोलरक्षकाच्या जागी उभा राहिला, चेंडू अडवण्यासाठी त्याने झेप घेतली आणि तो असा काही आदळला की त्याचा खांदाच निखळला. दुसऱ्या दिवशी तुर्कस्तानशी गाठ होती आणि कर्णधार स्पर्धेबाहेर गेला होता. कर्णधारपदाचा पट्टा काफूच्या दंडावर गेला, संघातील रिकामी जागा भरण्यासाठी रिकार्डिन्होला घाईने बोलावण्यात आले, आणि मैदानावरची एमर्सनची जागा मिळाली ती अ‍ॅटलेटिको मिनेइरो या क्लबकडून खेळणाऱ्या, राष्ट्रीय संघात येऊन वर्षही न झालेल्या २५ वर्षांच्या गिल्बर्टो सिल्वाला. त्यानंतरच्या चार आठवड्यांत ब्राझील सात सामने खेळला, सातही जिंकला, पाचव्यांदा विश्वविजेता झाला. आणि त्या सातही सामन्यांत गिल्बर्टो पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत मैदानावर होता.

ती स्पर्धा जपान आणि कोरियात असल्याने आपल्याकडे सामने दुपारी आणि संध्याकाळी दिसत. ३० जूनचा अंतिम सामनाही रविवारच्या दुपारी साडेचारला सुरू झाला होता. कोल्हापूरच्या पेठांमध्ये किंवा गोव्यात ज्यांनी तो पाहिला, त्यांना रोनाल्डोचे दोन गोल, रिव्हाल्डोने पायांमधून सोडून दिलेला चेंडू आणि जर्मनीचा गोलरक्षक ऑलिव्हर कान याच्या हातून निसटलेला तो फटका आजही डोळ्यांसमोर दिसतो. आठ क्रमांकाचा सदरा घातलेला गिल्बर्टो मात्र आठवणीत सहसा येत नाही, आणि याचे कारण विसराळूपणा नसून त्याच्या कामाचे स्वरूप हे आहे. गोल करणाऱ्याचे काम घडलेल्या गोष्टीत दिसते, तर बचावात्मक मध्यरक्षकाचे काम घडू न दिलेल्या गोष्टीत असते. ते समजून घ्यायचे तर एखाद्या खेळाडूची सबंध कारकीर्द उलगडून पाहणे हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो, आणि त्यासाठी गिल्बर्टोइतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

प्रथम जागेविषयी. फुटबॉलचे मैदान साधारणपणे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. शेवटच्या बचावफळीत चार खेळाडू असतील, तर रुंदीचा विचार करता प्रत्येकाच्या वाट्याला १७ मीटर येतात. आता आपला संघ चढाई करत असताना दोन्ही कडांचे बचावपटू पुढे धावत गेले, तर मागे उरलेल्या दोघांवर प्रत्येकी ३४ मीटरची जबाबदारी पडते, आणि वेगवान प्रतिस्पर्ध्यासमोर एवढी जागा राखणे कोणालाही जमणारे नाही. अशा क्षणी मधल्या फळीतला एक जण पुढे जाण्याचा मोह आवरून मागे थांबला, तर तीच रुंदी तिघांमध्ये वाटली जाते. प्रत्यक्ष खेळात अर्थातच कोणी अशी मोजपट्टी लावत नाही, सगळे जण चेंडूच्या बाजूला सरकतात आणि दूरची कड मोकळी सोडतात, पण मुळातला हिशेब हाच आहे. बचावफळी आणि मधली फळी यांच्यातल्या पट्ट्यात वावरणाऱ्या या खेळाडूला मराठीत आपण बचावात्मक मध्यरक्षक म्हणतो. ब्राझीलमध्ये त्याला ‘व्होलांते’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा एक अर्थ गाडीचे चाक, म्हणजे स्टिअरिंग, असाही आहे. परंतु फुटबॉलमध्ये तो १९३०च्या दशकाच्या अखेरीस रिओच्या फ्लामेंगो क्लबकडून खेळायला आलेल्या कार्लोस व्होलांते या अर्जेंटिनी खेळाडूच्या आडनावावरून रूढ झाला, असे ब्राझीलमध्ये सर्वसाधारणपणे मानले जाते.

कबड्डी जाणणाऱ्या वाचकाला हे काम लवकर उमजेल. चढाईपटूचा घोटा धरणारा कोपरारक्षक सगळ्यांना दिसतो, टाळ्याही त्यालाच मिळतात. पण त्याच क्षणी मध्यरक्षकाने मध्यरेषेकडे परतण्याची वाट बंद केलेली नसेल, तर ती पकड सुटण्याची शक्यता मोठी असते. फुटबॉलमधल्या या मध्यरक्षकाचेही मुख्य काम वाट बंद करण्याचेच आहे. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायात असताना तो चेंडूवर धावून जाण्याऐवजी चेंडू ज्या रेषेतून पुढच्या खेळाडूकडे जाऊ शकेल त्या रेषेत जाऊन उभा राहतो. पास द्यायला निघालेला प्रतिस्पर्धी वर पाहतो, त्याला समोरची वाट बंद दिसते, आणि तो चेंडू बाजूला किंवा मागे देतो. प्रेक्षकाच्या दृष्टीने येथे काहीच घडलेले नसते, परंतु एक चढाई सुरू होण्याआधीच संपलेली असते.

याला जोडून आणखी काही कामे येतात. उंच मारलेल्या चेंडूवर दोघे जण डोके मारायला उडी घेतात, तेव्हा तेथून उडालेला चेंडू कोठे पडेल याचा अंदाज घेऊन आधीच तेथे पोचणे, हे त्यातले एक. प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन सरळ अंगावर आलाच, तर लगेच झडप न घालता त्याला कडेच्या रेषेकडे ढकलत नेणे, हे दुसरे. कारण कडेला गेलेल्या खेळाडूला एका बाजूने रेषाच अडवते आणि तोवर आपले सोबती मागे परततात. आणि चेंडू मिळाल्यावर तो जवळच्या मोकळ्या सोबत्याला साधेपणाने देणे, हे तिसरे. या तिसऱ्या कामाला लोक फार कमी लेखतात. बचावफळीच्या अगदी समोर दिलेला पास चुकला, तर प्रतिस्पर्धी आणि गोल यांच्यामध्ये फारसे कोणी उरत नाही, म्हणून तेथे खेळणाऱ्याला पास मिळण्याआधीच आजूबाजूला कोण आहे हे पाहून ठेवावे लागते आणि दिखाऊ पास टाळावा लागतो. साधा पास हा तेथे कौशल्याचा अभाव नसून पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असतो.

या जागेविषयी ब्राझीलच्या मनात फार जुनी अस्वस्थता आहे आणि ती समजल्याखेरीज गिल्बर्टोकडे त्याच्या देशाने कसे पाहिले हे समजणार नाही. ५ जुलै १९८२ रोजी विश्वचषकात बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर प्रशिक्षक टेले सांताना यांचा ब्राझील इटलीकडून ३-२ असा हरला. त्या संघाच्या मधल्या फळीत झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ आणि सेरेझो होते. चौघेही पुढे जाणारे, चौघेही चेंडूवर प्रेम करणारे. उपांत्य फेरीसाठी बरोबरीही पुरेशी होती. इटलीच्या पाओलो रॉसीचा दुसरा गोल तर सेरेझोने आपल्याच भागात दिलेला सैल पास मध्येच उचलून झालेला होता. त्या पराभवानंतर ब्राझीलमध्ये दोन मते कायमची पडली. एका मताने म्हटले की असे खेळून हरणे हेच खरे ब्राझीलपण आहे. दुसऱ्या मताने म्हटले की मधल्या फळीत कोणीतरी मागे थांबणारा हवाच. १९९४ मध्ये प्रशिक्षक कार्लोस आल्बेर्तो परेरा यांनी दुसरे मत टोकाला नेले आणि डुंगा व मौरो सिल्वा असे दोन व्होलांते एकत्र खेळवले. ब्राझीलने सात सामन्यांत फक्त तीन गोल होऊ दिले आणि अंतिम सामन्यात इटलीला पेनल्टींवर नमवून २४ वर्षांनी विश्वचषक परत मिळवला. तरीही तो संघ देशात पूर्णपणे प्रिय झाला नाही. विजय मिळवून देणारी, पण मनापासून कौतुक न मिळवणारी जागा असा व्होलांतेचा लौकिक तेव्हापासून पक्का झाला.

त्या वारशात गिल्बर्टो आला तो फार वेगळ्या वाटेने. ७ ऑक्टोबर १९७६ रोजी मिनास जेराइस राज्यातील लागोआ दा प्राता या गावी त्याचा जन्म झाला. हा उसाचा आणि साखर कारखान्याचा मुलूख आहे आणि त्याचे बालपण कारखान्याच्या कामगारवस्तीत गेले. वडील लोहारकाम करत. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला या वस्तीचे चित्र वेगळे सांगायला नको. घरची परिस्थिती बेताची, त्यात आईचे आजारपण, त्यामुळे वयाच्या ज्या टप्प्यावर ब्राझीलमधली होतकरू मुले क्लबांच्या वसतिगृहात राहून तयार होत असतात, त्या टप्प्यावर त्याला खेळ बाजूला ठेवून मिठाईच्या कारखान्यात नोकरी करावी लागली. फुटबॉलकडे तो परतला तेव्हा विशी उलटली होती. १९९७ मध्ये बेलो होरिझोंते शहरातील अमेरिका मिनेइरो या क्लबने त्याला घेतले आणि त्याच वर्षी तो क्लब राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या श्रेणीत अजिंक्य ठरला. तेव्हा तो मुख्यतः बचावफळीच्या मध्यभागी खेळत असे.

२००० मध्ये तो त्याच शहरातील मोठ्या अ‍ॅटलेटिको मिनेइरो क्लबमध्ये गेला. तेथे त्याला बचावफळीतून एक पाऊल पुढे, मधल्या फळीत आणणारे प्रशिक्षक होते तेच परेरा, ज्यांनी १९९४ मध्ये दोन व्होलांतेंवर विश्वास टाकला होता. हा बदल कागदावर लहान दिसतो, प्रत्यक्षात मोठा आहे. बचावफळीत खेळणाऱ्याला सगळा खेळ समोर दिसतो. मधल्या फळीत आले की अर्धा खेळ पाठीमागे जातो. गिल्बर्टोने बचावपटूची सावध नजर सोडली नाही आणि मानेला सतत वळण्याची सवय लावून घेतली. पुढे त्याच्या खेळात दिसणारा संयम हा मला बऱ्याच अंशी या उशिरा आणि बाजूच्या दाराने झालेल्या प्रवेशाचा परिणाम वाटतो, कारण लहानपणापासून चेंडूचा लाडका असलेल्या खेळाडूला चेंडूशिवाय तासन्‌तास उपयोगी राहण्याची सवय लावणे फार अवघड जाते.

२००१ मध्ये प्रशिक्षक लुईझ फेलिपे स्कोलारी यांनी त्याला राष्ट्रीय संघात घेतले, तेव्हा ब्राझीलची अवस्था बिकट होती. पात्रता फेरीत सहा पराभव पत्करून हा संघ शेवटच्या सामन्यात कसाबसा विश्वचषकात पोचला होता. स्कोलारींनी तीन मध्यवर्ती बचावपटू खेळवले : लुसिओ, रोक ज्युनियर आणि एडमिल्सन. उजव्या कडेला काफू आणि डाव्या कडेला रॉबर्टो कार्लोस यांना वर-खाली धावण्याची जवळजवळ पूर्ण मोकळीक होती. पुढे रोनाल्डो, रिव्हाल्डो आणि रोनाल्डिन्हो या तिघांकडून बचावाची फारशी अपेक्षाच नव्हती. या मांडणीकडे नीट पाहिले की मैदानाच्या मध्यभागी केवळ दोन माणसे उरतात हे लक्षात येते. त्यांपैकी एक जण, सुरुवातीला ज्युनिन्यो पाउलिस्ता आणि उपांत्यपूर्व फेरीपासून क्लेबरसन, पुढे-मागे धावणारा. आणि दुसरा, स्थिर राहणारा, गिल्बर्टो. त्यातच एडमिल्सन मूळचा मधल्या फळीत रमणारा असल्याने अधूनमधून चेंडू घेऊन पुढे सुटायचा, आणि मग त्याची रिकामी जागाही गिल्बर्टोलाच भरावी लागे.

इंग्लंडविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना त्याच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. मायकेल ओवेनने आधी गोल केला, रिव्हाल्डोने मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी साधली, रोनाल्डिन्होच्या त्या प्रसिद्ध फ्री किकने ब्राझील पुढे गेला आणि ५७व्या मिनिटाला त्याच रोनाल्डिन्होला लाल कार्ड मिळाले. अर्ध्या तासाहून अधिक काळ दहा जणांनी आघाडी राखायची होती. इंग्लंडकडे चेंडू राहिला, पण तो बहुतेक वेळ ब्राझीलच्या बचावासमोरच फिरत राहिला. मधून घुसण्याची वाट सापडेना आणि लांबून मारलेल्या उंच चेंडूंवर तिन्ही उंच बचावपटू तयार होते. ज्यांना त्या अर्ध्या तासात काहीच घडले नाही असे वाटते, त्यांनी त्याच अर्ध्या तासाची चित्रफीत फक्त आठ क्रमांकाकडे पाहत पुन्हा बघावी.

आणि उपांत्य फेरीत, साइतामा येथे, याच खेळाडूने नियम मोडला. तुर्कस्तानशी गोलशून्य बरोबरी असताना उत्तरार्धाच्या सुरुवातीला गिल्बर्टो डाव्या अंगाने चेंडू घेऊन स्वतः पुढे निघाला, दोघांच्या मधून वाट काढली आणि रोनाल्डोला पास दिला. रोनाल्डोने बुटाच्या टोकाने तो जाळ्यात ढकलला. सामन्यातला तो एकमेव गोल ठरला. नेहमी मागे थांबणारा खेळाडू पुढे आला की त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे काम कोणाकडेच नेमून दिलेले नसते, हे या जागेचे एक अप्रत्यक्ष बळ आहे. मात्र ते क्वचितच वापरायचे असते. ब्राझीलने त्या स्पर्धेत १८ गोल केले आणि अवघे चार होऊ दिले.

स्पर्धा संपल्यावर लंडनच्या आर्सेनल क्लबचे प्रशिक्षक आर्सेन व्हेंगर यांनी त्याला सुमारे ४५ लाख पौंडांना घेतले. विश्वविजेत्या संघातल्या कायमच्या खेळाडूसाठी ही रक्कम त्या काळाच्या मानानेही माफकच होती. ऑगस्ट २००२ मध्ये लिव्हरपूलविरुद्ध इंग्लिश हंगामाच्या सुरुवातीच्या कम्युनिटी शील्डच्या सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि सामन्यातला एकमेव गोल त्यानेच केला. २५ सप्टेंबर २००२ रोजी आइंडहोवन येथे पीएसव्हीविरुद्ध तर त्याने २०.०७ सेकंदांत गोल केला, जो त्या वेळी चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेतला सर्वांत जलद गोल होता. बचावाच्या कामासाठी आलेल्या माणसाची अशी सुरुवात व्हावी हा योगायोगच म्हणायचा. पहिल्या हंगामाअखेर त्याच्या नावावर एफए कप हा इंग्लंडचा राष्ट्रीय चषकही जमा झाला.

आर्सेनलमधले त्याचे खरे काम समजण्यासाठी तो संघ कसा चढाई करत असे हे थोडक्यात पाहिले पाहिजे. कागदावर ती ४-४-२ अशी, म्हणजे चार बचावपटू, मधल्या फळीत चार आणि आघाडीवर दोन, सरळ मांडणी होती, पण प्रत्यक्षात डावीकडचा रॉबेर पिरेस आतल्या बाजूला सरके, त्याने मोकळ्या केलेल्या कडेवरून बचावपटू अ‍ॅशली कोल धावत वर जाई, आघाडीचा थिएरी हेन्री त्याच बाजूला खेचला जाई आणि डेनिस बर्गकॅम्प मागे येऊन या सर्वांना चेंडू पुरवी. मधल्या फळीतला त्याचा जोडीदार पॅट्रिक व्हिएरा हा लांब टांगांचा, जबरदस्त ताकदीचा खेळाडू होता आणि चेंडू हिसकावून थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलपर्यंत धावत जाणे ही त्याची खासियत होती. डाव्या अंगाला एवढी गर्दी झाल्यावर चेंडू गमावला गेला, तर कोलच्या मागे पसरलेल्या मोकळ्या मैदानाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक सामन्यात वीस-पंचवीस वेळा उभा राहत असणार. त्याचे उत्तर गिल्बर्टो होता. व्हिएरा निघाला की तो थांबे, कोल निघाला की तो डावीकडे सरके, कोलो टूरे चेंडू घेऊन बचावफळीतून पुढे सुटला की तो बचावपटू सोल कॅम्पबेलच्या शेजारी जाऊन उभा राही. इतरांना बिनघोर निघता यावे म्हणून हा आपली जागा सोडत नसे.

२००३-०४ च्या हंगामात आर्सेनल प्रीमियर लीगचे ३८ सामने खेळला, २६ जिंकला, १२ बरोबरीत सोडवले आणि एकही हरला नाही. ९० गुण, ७३ गोल केले, २६ झाले. यातल्या ३२ सामन्यांत गिल्बर्टो खेळला. त्या संघाविषयी बोलताना हेन्रीचे गोल आणि बर्गकॅम्पचा स्पर्श यांचा उल्लेख आधी होणारच, पण १२ सामने बरोबरीत सुटले याकडेही लक्ष द्यावे असे मला वाटते. न हरणे हे जिंकण्यापेक्षा निराळे कौशल्य आहे. खेळ जमत नसलेल्या दिवशीही दुसरा गोल होऊ न देणे, सामना फाटू न देणे, यात मधल्या फळीतल्या स्थिर माणसाचा वाटा फार मोठा असतो. इंग्लंडमध्ये त्याला ‘अदृश्य भिंत’ म्हणू लागले ते याचमुळे. शिवाय हे सारे तो फारशी कार्डे न घेता करत असे. त्याच्या जागेवर खेळणारे अनेक जण प्रतिस्पर्ध्याला पाडून चढाई थांबवतात; वेळेआधी जागेवर पोचलेल्या माणसाला पाडण्याची गरज सहसा पडत नाही.

एखाद्या खेळाडूचे काम अदृश्य असेल, तर ते दिसण्याची हमखास वेळ म्हणजे त्याची अनुपस्थिती. रियाल माद्रिदने २००३ मध्ये आपला बचावात्मक मध्यरक्षक क्लोद मॅकेलेलेला चेल्सीकडे जाऊ दिले आणि पुढची काही वर्षे त्यांना त्याची किंमत मोजावी लागली, हे उदाहरण सर्वज्ञात आहे. आर्सेनलच्या बाबतीत हीच गोष्ट दुखापतीमुळे घडली. २००४-०५ च्या हंगामाच्या सुरुवातीलाच गिल्बर्टोच्या पाठीच्या मणक्याला तडा गेल्याचे निदान झाले. पाठीला पट्टा बांधून विश्रांती घेण्याखेरीज त्यावर उपाय नव्हता आणि कारकीर्दच संपते की काय अशी भीती होती. त्याच्या गैरहजेरीत, २४ ऑक्टोबर २००४ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडने आर्सेनलची ४९ सामन्यांची अपराजित मालिका संपवली. आदल्या हंगामात २६ गोल झालेल्या आर्सेनलवर या हंगामात ३६ झाले आणि विजेतेपद चेल्सीकडे गेले. या घसरणीला इतरही कारणे होती आणि चेल्सीचा तो संघ अव्वल दर्जाचा होता, तेव्हा दहा गोलांचा सगळा हिशेब एका माणसाच्या नावावर मांडणे योग्य होणार नाही. पण मधल्या फळीचा पाया हलला होता हे उघड होते. वसंत ऋतूत तो परतला आणि मे महिन्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या एफए कपच्या अंतिम सामन्यात पहिल्या अकरा जणांत होता. तो सामना आर्सेनलने पेनल्टींवर जिंकला.

त्या उन्हाळ्यात व्हिएरा इटलीतील युव्हेंटसला गेला आणि गिल्बर्टोचे काम बदलले. आता शेजारी अठरा वर्षांचा सेस्क फाब्रेगास होता : कमालीचा बुद्धिमान, पण अंगाने कोवळा आणि बचावात अननुभवी. २००५-०६ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये आर्सेनलने सलग दहा सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही, आणि त्यातल्या बाद फेऱ्यांत समोर रियाल माद्रिद, युव्हेंटस आणि व्हिलारियाल होते. त्या काळात आर्सेनलच्या बचावफळीत बदली आणि तरुण खेळाडूंचा भरणा होता हे लक्षात घेतले म्हणजे या कामगिरीचे मोल कळते. उपांत्य फेरीत व्हिलारियालचा सगळा खेळ हुआन रोमान रिकेल्मे या एका खेळाडूभोवती फिरत होता आणि तो नेमका त्याच पट्ट्यात, दोन फळ्यांच्या मध्ये, चेंडू मागत असे, जो राखणे हे गिल्बर्टोचे काम होते. दोन्ही सामने मिळून आर्सेनल १-० असे जिंकले. पॅरिसच्या वेशीवर झालेल्या अंतिम सामन्यात मात्र आर्सेनलचा गोलरक्षक लेमन अठराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळून बाहेर गेला आणि दहा जणांचा आर्सेनल आघाडी घेऊनही बार्सिलोनाकडून २-१ असा हरला.

त्याच्या कारकिर्दीतला माझ्या मते सर्वांत मोलाचा हंगाम त्यापुढचा, २००६-०७ चा आहे, जरी त्यात एकही चषक मिळाला नाही. क्लब नव्या एमिरेट्स मैदानावर आला होता. १९ ऑगस्ट २००६ रोजी अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध १-१ अशा सुटलेल्या सामन्यात त्या मैदानावरचा आर्सेनलचा पहिला लीग गोल गिल्बर्टोने केला. हेन्री दुखापतींमुळे वारंवार बाहेर राहिला आणि कर्णधारपद बहुतेक वेळ गिल्बर्टोकडे आले. पेनल्टीही तोच घेऊ लागला. सप्टेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर त्याची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली. तरी आर्सेनलने तो सामना १-० असा जिंकला आणि पुढची पेनल्टी घ्यायला तोच गेला. डिसेंबरमध्ये टॉटनहॅमविरुद्ध त्याने दोन पेनल्टी गोलांत बदलल्या. हंगामाअखेर लीगमध्ये त्याचे दहा गोल झाले. गोल करणे हे ज्याचे काम नाही, त्याने गरज पडताच तेही केले, आणि त्यासाठी मूळची जागा मोकळी सोडली नाही.

पुढच्याच हंगामात चित्र पालटले. २००७ च्या उन्हाळ्यात तो ब्राझीलचा कर्णधार म्हणून कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेत खेळत होता. अंतिम सामन्यात निलंबनामुळे त्याला बाहेर बसावे लागले, पण ब्राझीलने अर्जेंटिनाला ३-० असे हरवून स्पर्धा जिंकली. तो लंडनला उशिरा परतला तोवर माथ्यू फ्लामिनीने त्याच्या जागेवर जम बसवला होता, आणि हेन्री क्लब सोडून गेल्यावर कर्णधारपद विल्यम गॅलासकडे देण्यात आले होते. या वागणुकीने आपण दुखावलो हे त्याने नंतर बोलून दाखवले, आणि ते दुःख मला रास्त वाटते. मैदानावरची बाजू अशी की व्हेंगर यांना आता फाब्रेगासच्या शेजारी सतत धावून प्रतिस्पर्ध्याला वरच्या बाजूलाच गाठणारा खेळाडू हवा होता, तर गिल्बर्टोचे बळ जागा राखण्यात होते. संघाची पद्धत बदलली की जागेचे नाव तेच राहून काम बदलते. २००८ मध्ये तो अथेन्सच्या पानाथिनाइकोस क्लबला गेला. आर्सेनलकडून त्याचे २४४ सामने आणि २४ गोल झाले होते. ग्रीसमध्ये २०१० साली त्याने लीग आणि राष्ट्रीय चषक अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली.

ब्राझीलकडून त्याचा शेवटचा टप्पा डुंगाच्या हाताखाली गेला. १९९४ चा व्होलांते आता प्रशिक्षक होता आणि त्याने गिल्बर्टोच्या जोडीला फेलिपे मेलो असे दोघांना एकत्र खेळवले. २००९ चा कॉन्फेडरेशन्स चषक जिंकूनही देशात टीका थांबली नाही. दोन बचावात्मक मध्यरक्षक म्हणजे ब्राझीलच्या खेळाचा अपमान, हा १९८२ पासूनचा वाद पुन्हा उसळला. २ जुलै २०१० रोजी पोर्ट एलिझाबेथ येथे विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत हॉलंडविरुद्ध पूर्वार्धात ब्राझीलने उत्तम खेळ केला, उत्तरार्धात दोन गोल झाले, मेलोला लाल कार्ड मिळाले आणि ब्राझील २-१ असा हरला. दोष मागे थांबणाऱ्या खेळाडूंच्या संख्येत होता असे मला वाटत नाही. दोन्ही गोल उजवीकडून गोलसमोर आलेल्या उंच चेंडूंवर झाले, आणि त्यानंतर संघाने भान गमावले. गिल्बर्टोचा तो ९३वा आणि अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला.

२०११ मध्ये तो मायदेशी, पोर्तो आलेग्रेच्या ग्रेमिओ क्लबमध्ये परतला. पस्तिशी आली होती, पाय पूर्वीसारखे धावत नव्हते, पण कोण कोठे जाणार हे आधी ओळखणारी नजर शाबूत होती. तेव्हा प्रशिक्षकांनी त्याला अनेकदा बचावफळीच्या मध्यभागी, म्हणजे जेथून त्याने सुरुवात केली होती त्याच जागी, खेळवले. २०१३ मध्ये तो पुन्हा अ‍ॅटलेटिको मिनेइरोत दाखल झाला. त्या संघात २००२ चा सोबती रोनाल्डिन्हो होता, आणि जुलैमध्ये बेलो होरिझोंतेच्या मिनेइराओ मैदानावर पॅराग्वेच्या ऑलिम्पियाला पेनल्टींवर हरवून क्लबने कोपा लिबर्टाडोरेस ही दक्षिण अमेरिकी क्लबांची स्पर्धा पहिल्यांदा जिंकली. त्या वर्षाअखेर त्याने क्लब सोडला, गुडघ्याच्या दुखण्यातून पुन्हा उभे राहण्याची काही काळ वाट पाहिली आणि २०१५ मध्ये निवृत्ती जाहीर केली.